नेवाशाचा खांब ते नगरचा किल्ला : एका जिल्ह्यातील लेखनशाळा

लिहिता हात असलेल्या माणसांनी काही काळ एकत्र राहावे, हातातले लेखन एकमेकांपुढे वाचावे, त्यावर चर्चा करावी, दोष काढावेत आणि मग ते छापायला द्यावे, ही लेखन कार्यशाळेची रीत आज सर्वत्र रुळली आहे. नाव अलीकडचे असले, तरी तिच्यातली कामे फार जुनी आहेत. एकाने सांगायचे, दुसऱ्याने ऐकायचे, तिसऱ्याने लिहून घ्यायचे, चौथ्याने तपासायचे आणि पाचव्याने ते लोकांपर्यंत न्यायचे. अहमदनगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ मध्ये अहिल्यानगर हे अधिकृत नाव मिळालेल्या जिल्ह्याचा, वाङ्मयीन इतिहास पाहिला तर ही पाचही कामे तेथे सातशे वर्षांहून अधिक काळ चाललेली दिसतात. या जिल्ह्यात जी मोठी पुस्तके झाली, त्यांतील बहुतेक एकट्याने दार लावून लिहिलेली नाहीत. ती सोबतीत घडली. विसाव्या शतकाच्या मध्याला तर नगरच्या किल्ल्यात देशातील नामवंत लेखक-नेते जवळपास पावणेतीन वर्षे एका छताखाली कोंडले गेले आणि त्या सक्तीच्या सहवासातून अनेक भाषांत ग्रंथ निर्माण झाले.

नेवासे : सांगणारा, ऐकणारे आणि लेखक

प्रवरेच्या काठचे नेवासे हे या परंपरेचे आरंभस्थान. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, देवगिरीवर रामचंद्रदेव यादवाचे राज्य असताना, ज्ञानेश्वरांनी येथे गीतेवर मराठीत निरूपण केले. परंपरेने दिलेला जन्मशक धरला, तर तेव्हा त्यांचे वय पंधरा वर्षांचे होते. समोर गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ होते, भोवती श्रोते होते आणि ओव्या लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा होते. ज्या खांबाला टेकून निरूपण झाले असे मानले जाते तो ‘पैस’ नावाचा, शिलालेख असलेला खांब नेवाशाच्या मंदिरात आजही जपलेला आहे.

सुमारे नऊ हजार ओव्यांचा ‘ज्ञानेश्वरी’ हा ग्रंथ कसा घडला, हे त्याच्या रचनेतच उमटले आहे. ज्ञानेश्वर वारंवार श्रोत्यांना उद्देशून बोलतात, त्यांची क्षमा मागतात, त्यांचे अवधान मागतात. विषय लांबला की निवृत्तिनाथ तो आवरायला सुचवतात आणि निरूपण पुन्हा मूळ श्लोकाकडे वळते. ऐकणाऱ्यांचा धाक आणि लोभ हे दोन्ही त्या शैलीत मुरलेले आहेत. मुखाने सांगितलेले कागदावर उतरवणाऱ्याचे नावही मराठी समाजाने विसरू दिले नाही, ही त्या काळाच्या मानाने लक्षणीय गोष्ट आहे.

पुढची दोन कामे जिल्ह्याबाहेर झाली. नकला होता होता पाठांत फरक पडू लागले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. मराठीतले संपादनाचे हे पहिले ठळक काम. त्यानंतर १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. निरूपणापासून छापील प्रतीपर्यंत साडेपाचशे वर्षे गेली, पण सांगणे, ऐकणे, लिहून घेणे, शुद्ध करणे आणि छापणे ही साखळी अखंड राहिली.

निजामशाहीचे बखरकार आणि ताहाराबादचे महिपती

१४९० मध्ये मलिक अहमदाने निजामशाहीची स्वतंत्र गादी उभी केली आणि भिंगारजवळ नवे शहर वसवायला घेतले. पुढे हुसेन निजामशहाने किल्ल्याला दगडी तट बांधला. या दरबारात फारसी इतिहासलेखनाला आश्रय मिळाला. सय्यद अली तबातबाने दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ हा इतिहास लिहायला घेतला. पुढे विजापूरला जाऊन दख्खनचा विख्यात इतिहास लिहिणारा फिरिश्ता लहानपणी नगरलाच आला होता आणि त्याने उमेदीची वर्षे याच दरबारात काढली. दरबारी लेखकाला आश्रय होता, ग्रंथसंग्रह होता आणि जाणकार वाचकही होते. मात्र त्याचा वाचकवर्ग फारसी जाणणाऱ्यांपुरता मर्यादित होता.

मराठी श्रोत्यांसाठी लिहिणारा मोठा चरित्रकार अठराव्या शतकात राहुरीजवळच्या ताहाराबादला झाला. महिपती (१७१५–१७९०) यांच्या घरात गावचे कुळकर्णीपण होते. त्यांनी सरकारी लेखणी बाजूला ठेवली आणि ती संतांच्या चरित्रांना वाहिली, असे परंपरा सांगते. ‘संतलीलामृत’ (१७५७), ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे त्यांचे मोठे ओवीबद्ध ग्रंथ. आपण मनचे काही लिहिले नाही, उत्तरेकडील नाभाजी आणि महाराष्ट्रातील उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार घेतला, असे महिपती स्वतःच नोंदवतात. आधारग्रंथांची कबुली देणारा हा प्रामाणिकपणा त्यांना निव्वळ कथाकारांपासून वेगळा काढतो. त्यांचे अध्याय वाचण्यासाठी कमी आणि ऐकण्यासाठी अधिक रचलेले होते. गावोगावच्या मंदिरांत पोथी लावली जाई आणि वाचक तिचा अर्थ सांगे. त्या काळी प्रकाशनाचा मार्ग हाच होता आणि तो छापखान्याइतकाच दूरवर पोचला. विसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी पंडित गोडबोले यांच्या साह्याने ‘भक्तविजय’ इंग्रजीत नेला, तेव्हा ताहाराबादचा कवी जगातल्या अभ्यासकांना ठाऊक झाला.

याच काळात संगमनेरला शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांची लावणी, पोवाडा आणि फटका फडावर घडत होता. तेथेही समोरचा श्रोता हाच पहिला परीक्षक होता.

छापखाना, वाचनालय आणि टिळकांचे घर

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे उघडले. १८३८ मध्ये नगरचे सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. जिल्हा वाचनालय म्हणून ते आजही चालू आहे. जून १८४२ मध्ये मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरहून निघू लागले. हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. काही वर्षांनी ‘ज्ञानोदय’ मुंबईला गेले, पण मराठीतील दीर्घायुषी नियतकालिकांत गणल्या जाणाऱ्या या पत्राचा जन्म नगरचा. नियतकालिकामुळे लेखनाच्या व्यवहारात मोठा बदल झाला. लेखकाला ठरलेल्या दिवशी मजकूर देणे भाग पडू लागले, संपादकाच्या हातची काटछाट सोसावी लागली आणि वाचकांच्या पत्रांना उत्तर द्यावे लागले. अनुभवी लेखकाची घडण होते ती याच शिस्तीतून.

या शिस्तीत कवी नारायण वामन टिळक रमले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला आले आणि दोन दशकांहून अधिक काळ नगर हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यांचे घर म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या कवींचा आसरा. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. एका घरात वडीलधारा कवी, उमलता कवी आणि सारे ऐकणारी, हजरजबाबी गृहिणी असा तो मेळ होता.

ती गृहिणी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नव्हते, अक्षरओळखही लग्नानंतरची. टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते. साडेदहा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेले काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते छापले गेले तेव्हा त्याचे ७६ अध्याय झाले होते. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मागे मुलगा देवदत्त यांचा आग्रह होता. ते आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. नवऱ्याच्या धर्मांतराने मोडलेला आणि पुन्हा उभा राहिलेला संसार, नगरमधले दिवस, प्लेगच्या साथी, सोवळ्याओवळ्याचा हळूहळू सुटत गेलेला पीळ हे सारे त्यांनी बोलीच्या सहज ओघात सांगितले. मराठी गद्याच्या इतिहासात त्या पुस्तकाचे स्थान आज वादातीत आहे. ज्या घरात रोज कविता वाचल्या जात आणि त्यांवर वाद होत, त्या घराने या लेखिकेला तयार केले. लेखनाचे शिक्षण शाळेबाहेर, सहवासातून कसे मिळते, याचे याहून चांगले मराठी उदाहरण सापडणे कठीण.

शिर्डी आणि मेहेराबाद

त्याच सुमारास जिल्ह्यात आणखी दोन ठिकाणी सोबतीने लेखन चालले होते. शिर्डीला गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे साईबाबांनी ज्यांना ‘हेमाडपंत’ म्हटले ते, बाबांच्या हयातीतच त्यांची अनुमती घेऊन टिपणे करू लागले होते. बाबांच्या निधनानंतर, १९२३ पासून, ‘श्रीसाईलीला’ या मासिकात ‘श्रीसाईसच्चरित’ क्रमशः येऊ लागले. भक्तांनी आपापले अनुभव कळवले आणि दाभोलकरांनी ते महिपतींच्या वळणाच्या ओवीत बांधले. १९२९ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी, १९३० मध्ये, ५३ अध्यायांचे पुस्तक निघाले. ताहाराबादची चरित्रपरंपरा अशी दीडशे वर्षांनी त्याच जिल्ह्यात छापील मासिकाच्या रूपाने पुढे चालू राहिली.

नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला तर सांगणाराच मौनात होता. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी तेथे मौन धरले, ते अखेरपर्यंत सोडले नाही. ते अक्षरफळ्यावर बोट ठेवून मुद्दे सांगत. शिष्य ते उतरवून घेत. १९३८ ते १९४२ या काळात चाललेल्या ‘मेहेरबाबा जर्नल’ या मासिकात ही प्रवचने आली. त्या मुद्द्यांना सलग इंग्रजी निबंधांचे रूप देण्याचे काम नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक चक्रधर धरणीधर देशमुख यांनी केले. पुढे ती पुस्तकरूपाने जगभर पसरली. येथेही सांगणारा वेगळा, लिहून घेणारा वेगळा आणि भाषा घडवणारा वेगळा. नेवाशाची पद्धत विसाव्या शतकात नव्या साधनांनिशी चालू असल्याचे हे उदाहरण आहे.

१९३९ चे संमेलन

मराठी लेखकांनी एकत्र जमण्याची आधुनिक प्रथा १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेल्या ग्रंथकार संमेलनापासून सुरू होते. हे संमेलन नगरला आले ते १९३९ मध्ये. इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार अध्यक्ष होते. संमेलनाने लेखकाला वाचकांपुढे उभे केले, भाषेचे आणि साहित्याचे प्रश्न वेशीवर टांगले, ठराव केले. पण संमेलन दोन-तीन दिवसांचे. हस्तलिखित घेऊन बसायला, एखादे प्रकरण फाडून पुन्हा लिहायला जो निवांतपणा आणि जी दीर्घ सोबत लागते, ती तेथे मिळत नाही. ती सोबत तीनच वर्षांनी नगरच्या किल्ल्यात जमली. ती जमवली इंग्रज सरकारने, पूर्णतः वेगळ्या हेतूने.

किल्ल्यातील बारा जण

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. खास रेल्वेगाडीने नेत्यांना हलवण्यात आले. गांधीजींना वाटेत उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यात. जागा आरंभी गुप्त ठेवली होती. सुरुवातीला वर्तमानपत्रे बंद होती, घरच्यांशी पत्रव्यवहारही बंद होता.

किल्ल्याला लढाया आणि बंदिवास नवे नव्हते. १५९५–९६ च्या वेढ्यात चांदबिबीने तो मोगलांपासून राखला होता. १६०० मध्ये तो अकबराच्या फौजेच्या हाती गेला. ऑगस्ट १८०३ मध्ये ब्रिटिश सेनापती वेलस्लीने तो घेतला. ब्रिटिशांनी पुढे तेथे बोअर युद्धातील आणि पहिल्या महायुद्धातील कैदी ठेवले.

१९४२ चे बारा कैदी असे : मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, डॉ. प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि शंकरराव देव. यांतले बहुतेक आधीच लिहिते होते. नेहरूंचे आत्मचरित्र १९३६ मध्ये येऊन जगभर वाचले गेले होते. आझादांच्या ‘अल्-हिलाल’ने १९१२ पासून उर्दू गद्याला नवे वळण दिले होते. सीतारामय्यांनी १९३५ मध्ये काँग्रेसचा इतिहास लिहिला होता. नरेंद्र देव काशी विद्यापीठाचे आचार्य, संस्कृत आणि पालीचे जाणकार. घोष रसायनशास्त्राचे विद्वान. संस्कृत, पाली, अरबी, फारसी या अभिजात भाषा आणि हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, ओडिया या आधुनिक भाषा त्या एका आवारात नांदत होत्या, याची नोंद नेहरूंनी आपल्या प्रस्तावनेत अभिमानाने केली आहे.

दिनक्रम हळूहळू बसत गेला. आझाद पहाटे तीन-चारला उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करून लिहायला बसत. किल्ल्याच्या अधीक्षकाला त्यांनी इतिहासातले ‘चीता खान’ हे नाव देऊन टाकले होते. नेहरूंनी बागकाम अंगावर घेतले. जमीन खडकाळ आणि जुन्या पडझडीने भरलेली. खणताना पुरातन भिंतींचे आणि घुमटांचे अवशेष लागत आणि त्या निमित्ताने चांदबिबीचा इतिहास बोलण्यात येई. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या आल्या, तेव्हा सारेच हादरले. लिहिण्याचे मन होईना, असे नेहरूंनी नमूद केले आहे. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या. त्यांची अखेरची भेट आझादांना मिळाली नाही, सरकारकडे सवलत मागणेही त्यांनी टाळले. ही सोबत आरामाची नव्हती. दुःख, आजार आणि मतभेद यांच्यासकट ती निभावली गेली.

नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १३ एप्रिल १९४४ च्या सुमारास लिहायला घेतले आणि सप्टेंबरपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांत, सुमारे हजार हस्तलिखित पाने पूर्ण केली. आधीचे वीस महिने वाचन, चर्चा आणि मनात रचना करण्यात गेले होते. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अकरा सोबत्यांचे ऋण मानले आणि त्यांतही आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांचा विशेष उल्लेख केला. इस्लामी आणि फारसी संस्कृतीबद्दल आझादांना विचारावे, बौद्ध तत्त्वज्ञानाबद्दल नरेंद्र देवांशी बोलावे, असा तो व्यवहार होता. पुस्तकाची अर्पणपत्रिकाही नगरच्या किल्ल्यातील सहबंदींच्याच नावे आहे. भारताचा पाच हजार वर्षांचा पट एकट्याने पेलण्याजोगा नव्हता, हे नेहरूंना माहीत होते. म्हणून त्यांनी सोबत्यांच्या विद्वत्तेचा आधार घेतला आणि तो मोकळेपणाने सांगितला.

आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे पत्रांचे पुस्तक. भीकमपूरचे विद्वान नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली, पण किल्ल्यातून पाठवता न आलेली ही पत्रे. चिनी चहा, खोलीत घरटे बांधणाऱ्या चिमण्या, संगीत, ईश्वर, एकांत असे त्यांचे विषय आहेत. अरबी-फारसी कविता आठवणीतून जागोजाग येतात. समोर अकरा जणांचा सहवास असूनही आझादांनी दूरचा एक जाणकार वाचक मनाशी धरला आणि त्याच्याशी बोलत राहिले. उर्दू ललित गद्यातले हे अव्वल पुस्तक मानले जाते.

नरेंद्र देव यांनी किल्ल्यात ‘बौद्ध धर्म-दर्शन’ या हिंदी ग्रंथाचा मोठा भाग लिहिला आणि वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे फ्रेंच भाषांतरावरून हिंदी रूपांतर केले. प्रफुल्लचंद्र घोषांनी बंगालीत प्राचीन भारतीय सभ्यतेचा इतिहास लिहिला, महताबांनी ओडिशाचा इतिहास ओडियात. सीतारामय्यांचे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ हे इंग्रजी पुस्तकही या बंदिवासातलेच. शंकरराव देव आतमध्ये मराठीचे प्रतिनिधी होते, तरी या गाजलेल्या ग्रंथांत मराठी ग्रंथ मात्र नाही.

मराठीच्या तुरुंगवाङ्मयाचा मोठा वाटा दुसऱ्या कारागृहांतून आला. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती शब्दशः टिपून घेतली. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. विनोबा आणि साने गुरुजींची जोडी पाहिली, की नेवाशाच्या ज्ञानेश्वर-सच्चिदानंदबाबांची आठवण अपरिहार्यपणे होते. विषयही तोच होता, गीता.

किल्ल्यातून वाचकांपर्यंत

२८ मार्च १९४५ रोजी नेहरूंना नगरहून हलवण्यात आले. इतरांनाही आपापल्या प्रांतांतील तुरुंगांत पाठवण्यात आले आणि ही विलक्षण सभा मोडली. १५ जूनला नेहरू अलमोऱ्यातून आणि आझाद बांकुऱ्यातून सुटले. पुढचे काम संपादनाचे आणि छपाईचे. नेहरूंनी डिसेंबर १९४५ मध्ये प्रस्तावना आणि पुरवणी लिहिली. १९४६ मध्ये कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने पुस्तक काढले. दिलीपकुमार गुप्त यांच्या या नव्या प्रकाशनसंस्थेत सत्यजित राय नावाचा तरुण चित्रकार मुखपृष्ठे करत होता. या पुस्तकाचे मुखपृष्ठही त्याचेच. त्याच वर्षी ते लंडन आणि न्यूयॉर्कलाही निघाले.

‘गुबार-ए-खातिर’ आझादांचे चिटणीस अजमल खान यांनी संकलित केले आणि तेही १९४६ मध्येच आले. पुढे १९६७ मध्ये मालिक राम यांनी टिपांसह संपादित केलेली त्याची आवृत्ती साहित्य अकादमीने काढली. महताबांचा ओडिशाचा इतिहास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. नरेंद्र देवांच्या ग्रंथाला सर्वाधिक वाट पाहावी लागली. ‘बौद्ध धर्म-दर्शन’ बिहार राष्ट्रभाषा परिषदेने १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेखकाचे निधन झाले होते. दुसऱ्या वर्षी त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच आवारात लिहिलेल्या हस्तलिखितांना वाचकापर्यंत पोचायला कोणाला दोन वर्षे लागली, कोणाला बारा. यातून लेखनाइतकेच महत्त्व प्रकाशकाच्या उत्साहाला आणि संपादकाच्या चिकाटीला असते, हे स्पष्ट होते.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्यातील लेखन खेड्यांतून, दलित वस्त्यांतून आणि महाविद्यालयांतून आले. अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेले दया पवार १९७४ मध्ये ‘कोंडवाडा’ या संग्रहाने कवी म्हणून पुढे आले. त्यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन डिसेंबर १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केले. ग्रंथाली ही वाचकांच्या सहभागातून स्वस्तात पुस्तके देणारी चळवळ होती. प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराच्या कडेला राहिलेला अनुभव या चळवळीच्या आधाराने मराठीच्या मुख्य प्रवाहात आला आणि त्यानंतर दलित आत्मकथनांची मोठी रांग लागली. महारवाड्यातील जगणे मराठी मध्यमवर्गाच्या घरात पुस्तकरूपाने पोचले. अनुभवी कवी, धीट प्रकाशक आणि तयार वाचक एकत्र आले म्हणजे काय घडते, हे ‘बलुतं’ने दाखवले.

पारनेर तालुक्यातील जवळे गावचे रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत कादंबऱ्या लिहीत राहिले. त्यांच्या ‘ताम्रपट’ला १९९९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून शासनाने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. हा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. १९९७ मध्ये सत्तरावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा नगरला भरले. ऐतिहासिक कादंबरीकार ना. सं. इनामदार अध्यक्ष होते.

परंपरेचा अर्थ

या सातशे वर्षांत साधने बदलली : ताडपत्र आणि कागद, पोथी, शिळाछाप, मासिक, अक्षरफळा, तुरुंगातील वह्या, वाचकचळवळीची स्वस्त आवृत्ती. मात्र पुस्तक घडण्याच्या तीन अटी कायम राहिल्या. पहिली, लिहिणाऱ्याजवळ आधीची तयारी हवी. किल्ल्यातील ग्रंथांमागे आयुष्यभराचे वाचन होते. दुसरी, कच्चे लेखन ऐकून घेणारे आणि त्याला प्रश्न विचारणारे जाणते सोबती हवेत. निवृत्तिनाथांपासून नरेंद्र देवांपर्यंत ही भूमिका कोणीतरी पार पाडली आहे. तिसरी, लिहिलेले तपासून लोकांपर्यंत नेणारा माणूस हवा. एकनाथ, देवदत्त टिळक, अजमल खान आणि ग्रंथालीचे कार्यकर्ते हे या कामाचे मानकरी. यांतली एकही अट सुटली तर हस्तलिखित तसेच पडून राहते.

आज जिल्ह्यातील महाविद्यालये, वाचनालये आणि साहित्यसंस्था लेखन शिबिरे भरवतात, तेव्हा त्यांच्यापुढे हा वारसा असायला हवा. नामवंतांची भाषणे ऐकवून दोन दिवसांत शिबिर उरकण्यापेक्षा थोड्या, पण तयारीच्या लेखकांना महिनाभर निवांत जागा, चांगले ग्रंथालय, परस्परांची हस्तलिखिते वाचण्याची सक्ती आणि शेवटी एखादा संपादक मिळवून द्यावा. नेवासे, ताहाराबाद, टिळकांचे घर आणि नगरचा किल्ला या चारही ठिकाणांनी दिलेला धडा हाच आहे आणि तो अमलात आणायला जिल्ह्याला बाहेरून काही आणावे लागणार नाही.